ऐकताना किती खातो?

कुठलंही यंत्र पुढं ठेवा, यशया उजागरे एकच विचारायचा, "ऐकताना किती खातो हा?" बाकीचे विचारत, आवाज किती लांब जातो, कुठल्या बनावटीचा, बिघडला तर दुरुस्त कुठं होतो. ह्याचं आपलं तेच. संगमनेरच्या ऑफिसात नवा आलेला एक कारकून एकदा म्हणाला, उजागरेला जावई बघायला पाठवा, तो नवऱ्यामुलाला विचारील, बाबा रे, गप्प बसल्यावर किती खातोस? सगळे हसले. मी त्या कारकुनाची गचांडी धरली. तो बिचारा पांढराफटक पडला. त्याला काय माहीत होतं म्हणा. पण माझं डोकं तसंच आहे, आधी तापतं आणि मग विचार करतं.

मी पुंजाराम, पाटबंधारे खात्याच्या जीपवर ड्रायव्हर. आमच्या प्रवरेवर वर डोंगरात धरण आणि खाली संगमनेर. धरणावर किती पाऊस झाला, किती पाणी सोडलं, हे खाली कळायला वायरलेस. पण मधे डोंगर, आणि वायरलेसचा आवाज काही डोंगर चढून येत नाही. म्हणून घारटेप नावाच्या टेपाच्या, म्हणजे उंच टेकाडाच्या, माथ्यावर पत्र्याची एक खोली होती, तिच्यात एक सेट आणि एक माणूस. धरणावरचा निरोप त्या माणसाने ऐकायचा आणि तसाच्या तसा संगमनेरला सांगायचा. पदरचा शब्द घालायचा नाही, एक शब्द गाळायचा नाही. आणि निरोप घेणाऱ्याने तो लगेच परत म्हणून दाखवायचा. त्याने म्हणून दाखवला, देणाऱ्याने "बरोबर" म्हटलं, की निरोप पोचला. तोवर निरोप पोचला असं धरायचंच नाही, मग तुम्ही घसा फोडून ओरडला असाल तरी.

तो टेपावरचा माणूस म्हणजे उजागरे. मूळचा नगरचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. बाप खेड्यातला मास्तर, रविवारी ख्रिस्ती देवळात प्रार्थनाही तोच चालवायचा. उजागरे मिलिटरीत गेला, तिथं वायरलेस शिकला आणि परत येऊन आमच्या खात्यात लागला. उंच, काडीसारखा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. विडी नाही, तंबाखू नाही. माझ्यासारख्या माणसाला असल्या माणसाचा जरा रागच येतो. पण पहिल्याच पावसाळ्यात टेपाच्या चढावर मला ताप भरला, तेव्हा ह्या काडीने मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. मग काय, तोंडच बंद झालं आपलं.

त्याची बायको मार्था संगमनेरात शाळेवर होती. गोल चेहऱ्याची आणि सदा हसरी. आमच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायची, ती आणि त्यांची एकुलती मुलगी कृपा. उजागरे पंधरा दिवसांनी, बदलीचा माणूस वर चढला की, रजेवर उतरायचा. घरात त्याचा एक खेळ चालायचा. जेवताना तो म्हणायचा, "कृपा, आईला सांग, भात वाढ." पोरगी ते आधी शब्द न् शब्द परत म्हणायची, हा "बरोबर" म्हणायचा, मग ती आईकडे वळून सांगायची. मार्था ताटाशेजारीच बसलेली असायची आणि हसून हसून तिचा पदर तोंडात जायचा. माझी बायको मनकर्णा म्हणायची, "ह्या घरात भात गार व्हतो, पन निरोप काय चुकत न्हाई."

आणि संध्याकाळी एक चोरटं काम चालायचं. दिवस मावळताना टेपाचा सेट उघडला आणि सरकारी निरोप संपले, की आमचा संगमनेरचा ऑपरेटर बन्सी मार्थाला एक वाक्य बोलू द्यायचा. एकच. कायद्यात बसत नव्हतं ते, पण साहेब त्या वेळी बरोबर चहाला जायचे. ती म्हणायची, कृपाचा खोकला गेला. किंवा, तुमचा स्वेटर उसवलाय तो ह्या खेपेला आणा. वरून उजागरे ते वाक्य परत म्हणून दाखवायचा, अगदी धरणातलं पाणी सांगावं तशा आवाजात, आणि मार्था लाजत "बरोबर" म्हणायची. असा संसार होता तो.

आता त्या सेटचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. सेट होता जुना, व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवेच म्हणा. ते तापल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही आणि ऐकताही यायचं नाही. बोलताना तो बॅटरी खायचा ते समजू शकतो, पण नुसता कान देऊन बसला तरी खायचा. मारक्या बैलाने गोठ्यात बसून पेंड खावी तसं. टेपावर वीज नाही. लॉरीच्या असतात तसल्या दोन बॅटऱ्या मी संगमनेरात चार्ज करून पायथ्याच्या वाडीत न्यायचो. तिथून मच्छिंद्र नावाचा गडी त्या कावडीत घालून वर चढवायचा आणि उतरलेल्या दोन खाली आणायचा. ॲसिड हिंदकळून त्याच्या धोतराची चाळण झाली होती. तो म्हणायचा, "मुक्तीला जाईन तवा देव इचारंल, एवढं शिसं कुनासाठी वाहिलंस बाबा?"

एकदा पावसाळ्यात बॅटरी ऐन वेळी बसली आणि धरणाचा निरोप वरच अडकला. साहेबांनी उजागरेला बोल लावले. त्याच्या ते फार मनाला लागलं. त्याने स्वतःच वेळापत्रक करून दिलं. सेट उघडायचा तो दिवस उगवताना, बारा वाजता आणि दिवस मावळताना. मधल्या वेळात बंद. पावसाळ्यात जास्तीच्या बॅटऱ्या मिळत, तेव्हा जास्त वेळा, पण एरवी तीनच. आणि बंद म्हणजे बंद. मी म्हटलं, अरे दुपारी पाच मिनिटं उघडून बघावं. तो म्हणाला, पाच पाच मिनिटांनीच बॅटरी मरते. बरोबरच होतं त्याचं. पुढं दोन वर्षं एकही निरोप चुकला नाही, आणि साहेबांनी चार माणसांत त्याची पाठ थोपटली.

बहात्तर साल आलं. पाऊस पाठ फिरवून बसलेला, विहिरींचे तळ उघडे, आणि जिकडं बघावं तिकडं खडी फोडायची कामं. मार्थाला दिवस गेले होते, सातवा महिना होता. कृपानंतर इतक्या वर्षांनी देवाने दिलं म्हणून दोघं खुशीत होती. उजागरेने आठव्या महिन्यापासूनची रजा मागून ठेवली होती.

त्या दिवशी मी बॅटऱ्या घेऊन पायथ्याच्या वाडीत गेलो होतो. मच्छिंद्राच्या आईने, बनुबाईने, भाकरी आणि ठेचा दिला. मी खाऊन आंब्याखाली पडलो. दुपारी मच्छिंद्र रिकाम्या बॅटऱ्या घेऊन उतरला. म्हणाला, उजागरेबाबा बरे हायेत, पुस्तक वाचीत बसलेत. मी बॅटऱ्या टाकल्या आणि निघालो. वाटेत प्रवरेकाठच्या अकोल्याला खात्याचं सामान घ्यायचं होतं, तिथं वेळ गेला.

इकडं संगमनेरात बाराची वेळ टळल्याबरोबर मार्थाला शाळेत रक्तस्राव सुरू झाला. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिने कृपाला जवळ घेतलं, कानात काही सांगितलं, आणि म्हणाली, बन्सीकाकांकडे जा आणि बाबांना हे सांग. दहा वर्षांची पोर उन्हात धावत ऑफिसात गेली. बन्सीने विचारलं, काय सांगायचंय? ती म्हणाली, तुम्ही फक्त बाबांना बोलवा, मी सांगते. बन्सी हाका मारायला लागला. घारटेप, घारटेप, संगमनेर बोलतंय. घारटेप. टेप गप्प. पोरगी टेबलाची कड धरून उभी. बन्सी पाणी प्यायला, परत हाका मारायला लागला. जीप नाही, माणूस पाठवावा तर एसटी संध्याकाळची. दुपारभर तो हाका मारत राहिला. बन्सी मला पुढं म्हणाला, "पुंजाराम, मला माहीत होतं सेट बंद आहे. पण त्या पोरीकडं बघून मला थांबता येईना."

आणि त्याच वेळी मी टेपाच्या पायथ्याशी आंब्याखाली पसरलो होतो. जीप रिकामी. वर उजागरे पुस्तक वाचतोय. एक शब्द वर पोचला असता तर मच्छिंद्राबरोबर तो उतरला असता, आणि चार वाजायच्या आत मी त्याला दवाखान्याच्या दारात आणून सोडलं असतं. मार्था दिवेलागणीपर्यंत होती. शुद्धीवर होती. अजून हे मनात आलं की मला स्टिअरिंग धरवत नाही.

दिवस मावळताना त्याने सेट उघडला तेव्हा बन्सीचा घसा बसला होता. "उजागरे, मार्थाला दवाखान्यात नेलंय, निघ," एवढंच त्याने सांगितलं. तोवर मी ऑफिसात पोचलो होतो, तसाच उलटा फिरलो. तो मला अकोल्याच्या पलीकडे भर रस्त्यात भेटला, पळत येत होता. अंधारात टेप उतरताना पडला होता, गुडघा फुटून विजार रक्ताने चिकटली होती. जीपमध्ये बसला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती कबरस्तानात माती दिली. उजागरेने कृपाचा हात धरायला हात पुढं केला. तिने आपले दोन्ही हात मागं घेतले. मी पाहिलं ते. 

मनकर्णाने पोरीला तिथूनच आमच्या घरी आणलं. गल्लीत कुणी कुजबुजलं, किरिस्तावाची पोर चुलीपाशी. मनकर्णा दारात उभी राहून म्हणाली, ज्याला अडचन हाय त्यानं माझ्या चुलीपाशी येऊ नये.  पोरगी शहाणी, कामाला हात लावणारी. रविवारी तिला देवळात सोडायला मी जायचो. सगळं करायची, फक्त बापाशी बोलायची नाही. तो पंधरा दिवसांनी यायचा, ती पाण्याचा तांब्या पुढं ठेवायची. हो, नाही, बरं. बस.

एकदा त्याने माझ्यासमोर विचारलं, "कृपा, आईने काय सांगितलं होतं ग?"

ती म्हणाली, "तो निरोप मी घेऊन गेले होते. तुम्ही सेट उघडला नाही."

"आता सांग ना बेटा."

"असा घरात बसून निरोप देतात का, बाबा? तुम्हीच शिकवलंय."

आणि आत निघून गेली. मनकर्णाने नंतर लाडीगोडीने विचारून पाहिलं, मी रागावून पाहिलं. एक नाही, दोन नाही. ज्याचा निरोप त्यालाच, म्हणाली. बापाची पोर शेवटी. मार्थाचे शेवटचे शब्द त्या एवढ्याशा जिवात कुलूप लावून बसले होते. उजागरेला दुसरं काही नको होतं, ना बदली, ना बढती. त्याला तेवढे शब्द हवे होते. टेपावर एकटा असायचा तेव्हा तो सगळं अंदाजाने मांडत बसायचा. मला म्हणायचा, शिवी दिली असेल का रे? नाहीतर म्हणायचा, नाव सुचवलं असेल बाळाचं.  

तेव्हापासून त्याचा तो प्रश्न सुरू झाला. ऐकताना किती खातो? कारण तोवर सगळे सेट बोलण्यावर तोलले जायचे. चोवीस तास कान उघडा ठेवायचा तर सेट गप्प बसून किती खातो हे बघायला हवं, कारण दिवसातला बहुतेक वेळ तो गप्पच असतो. हे त्याने बायको गमावून जाणलं. ऑफिसात एक जण बोललाच, बैल गेला अन् झोपा केला. उजागरेने ते ऐकलं. म्हणाला, "गोठ्यात अजून एक वासरू आहे, दादा." आणि निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात खात्याने नवे सेट घ्यायचं ठरवलं. आमचे डेप्युटी इंजिनिअर आबासाहेब देशमाने पुण्याहून परीक्षेसाठी दोन सेट घेऊन आले. मच्छिंद्र आणि मी ते वर चढवले. एक दणकट, ट्रंकेएवढा. बटण दाबलं की आवाज थेट नगरपर्यंत. दुसरा ट्रान्झिस्टरचा, जेवणाच्या डब्याएवढा. व्हॉल्व्ह नाही, तापणं नाही, पण आवाज लहान. उजागरेने बॅटरीच्या तारेत, किती वीज जाते ते दाखवणारा काटा जोडला. मोठा सेट नुसता ऐकत ठेवला तर काटा तरारून वर. छोटा ऐकत ठेवला तर काटा जागचा जेमतेम हलला. उजागरे त्या काट्याकडे असा बघत राहिला की मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

आबासाहेब माणूस चांगला, आणि कामातला. ते म्हणाले, "उजागरे, तुमचं म्हणणं कळतंय. पण मुसळधार पावसात ह्या डब्याचा आवाज खाली पोचला नाही, आणि धरणाची दारं उघडली, तर नदीकाठच्या गावांचं काय? मला मोठा सेट घ्यावा लागेल. तास ठरवून तो उघडता येईल." खोटं नव्हतं काही त्यात. मलाही पटलं.

उजागरे उभाच होता. म्हणाला, "साहेब, बोलायला मी कधी उशीर केला नाही. ऐकायला केला."

आबासाहेबांना सगळं माहीत होतं.  पत्र्याच्या खोलीत भट्टीसारखं तापलं होतं. ते कपाळ पुसत बाहेर बघून म्हणाले, परदेशात उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या पाट्या निघाल्यात म्हणे, आकाशात सोडलेली यंत्रं त्यावर चालतात. तशी एक पाटी इथं असती तर बॅटऱ्या वाहायलाच नको होत्या. मी म्हटलं, साहेब, ह्या वर्षी आमच्याकडं दुसरं काही नाही, पण ऊन मागाल तेवढं आहे. उजागरे मात्र हसला नाही. तो म्हणाला, पाटी येईल तेव्हा येईल. पण तेव्हाही, साहेब, थोडं खाणारा सेटच लागेल. खादाड सेटला ऊनसुद्धा पुरायचं नाही.

तोडगा निघाला तो आबासाहेबांच्याच डोक्यातून. आवाज लहान असला तर तो चहूकडे सांडू द्यायचा नाही, नेमका जिथं पोचवायचा तिकडेच वळवायचा. त्यांनी कागदावर एरियल काढून दिला, माशाच्या काट्यासारखा, आडव्या दांड्यांचा. असे दोन. एकाचं तोंड धरणाकडे, एकाचं संगमनेरकडे. ते म्हणाले, पाऊसकाळात महिनाभर छोट्या सेटवरून शब्द न् शब्द नीट आला, तर हाच घेऊ. एकदाही निरोप तुटला, तर मोठा. आणि जाताना थांबून म्हणाले, "अजून एक ऐकून ठेवा. थोडं खाणारा, सदा उघडा सेट एकदा बसला, की निरोप आपोआप पुढं पाठवणारी पेटीही बसवता येते. मग वर माणूस लागणार नाही. तुमचीच जागा जाईल." उजागरे म्हणाला, जाऊ द्या साहेब.

मग बाप्या झपाटल्यासारखा लागला. मच्छिंद्राने वाडीतून वेळू तोडून आणले, ते जोडून उंच काठी केली. दांड्या कापल्या, बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. खाली बन्सी कान लावून सांगायचा, आता बरं आहे, आता गेलं. बॅटरी वाचावी म्हणून उजागरेने खोलीतला दिवा काढून टाकला आणि रॉकेलच्या चिमणीवर आला. स्पीकरसुद्धा बंद केला. कानाला हेडफोन लावला तो लावलाच. जेवताना हेडफोन, झोपताना हेडफोन. मच्छिंद्र दारात उभा राहून ओरडायचा तरी ह्याला कळायचं नाही. मी एकदा चिडून तो ओढून काढला. म्हटलं, अरे येड्या, यंत्राचं ऐकता ऐकता माणसाचं ऐकायला येईनासं झालंय तुला. त्याने शांतपणे तो परत चढवला. त्याच्या कानांच्या पाळ्या सोलून लाल झाल्या होत्या.

त्या वर्षी पाऊस झाला, देवाची कृपा. वारा असा की वेळूची काठी वाकून कमान व्हायची. उजागरे आणि मच्छिंद्र दोर धरून बसायचे. महिनाभरात खरखर झाली, शब्द परत विचारावे लागले, पण निरोप तुटला नाही. आबासाहेबांनी छोटा सेट मंजूर केला. चोवीस तास टेप उघडा राहायला लागला, आणि मच्छिंद्राच्या खांद्यावरचं ओझंही कमी झालं.

उजागरे खाली आला, कृपासमोर बसला. म्हणाला, "आता कधीही हाक मार. सकाळी, दुपारी, केव्हाही. मी आहे." ती खाली मान घालून ऐकत होती. 

दिवस गेले. ती काही ऑफिसात जाईना. तो वर हेडफोन लावून बसलेला. पंधरा दिवसांची रजासुद्धा घेईना, न जाणो, नेमकी तेव्हाच हाक आली तर. मच्छिंद्र सांगायचा, "बाबा लई वाळलेत. तांब्याभर पान्यालाबी उठत न्हाईत." एक दिवस माझं डोकं फिरलं. मी पोरीवर ओरडलो, बाप तिकडं झिजून मरायला लागलाय, अजून किती शिक्षा करशील?  मनकर्णाने मला बाहेर काढलं. म्हणाली, "ती शिक्षा न्हाई करत. भेतीय ती. दिला निरोप, की आई संपली तिची. तेवढीच तर राहिलीय तिच्यापाशी." मी ओट्यावर जाऊन बसलो. इतक्या दिवसांत हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑफिसच्या लिंबाखाली मी जीप धूत होतो. शाळेची मधली सुट्टी झालेली. दुपारचं कलतं ऊन. बघतो तर कृपा येतेय, दोन वेण्या, निळा फ्रॉक. माझ्याकडे न बघता सरळ आत गेली. मी बादली टाकून मागोमाग गेलो. बन्सी खुर्चीवरून उठला. तिने काही विचारलं नाही. टेबलापाशी गेली आणि बटण दाबून म्हणाली, "घारटेप, घारटेप. संगमनेर बोलतंय."

तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच वरून आवाज आला, "घारटेप ऐकतंय. बोला."

 ती धडा म्हणावा तशी म्हणाली, "आईचा निरोप. घाई करू नका. टेपावरून सावकाश उतरा. मी थांबते."

बटण सोडलं. सेटमध्ये नुसती खरखर. बन्सीने तोंडाला हात लावला. मला वाटलं, वर तो कोसळला की काय. मग आवाज आला, तोच, धरणातलं पाणी सांगणारा. "आईचा निरोप. घाई करू नका. टेपावरून सावकाश उतरा."

आणि थांबला.

बन्सी बटणाकडे हात न्यायला लागला. पोरीने त्याचा हात धरला. स्वतः बटण दाबून म्हणाली, "पुढचं राहिलं, बाबा."

पुन्हा खरखर. मग तो म्हणाला, "मी थांबते."

"बरोबर," कृपा म्हणाली, आणि बन्सीच्या खुर्चीला टेकून ढसाढसा रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला जवळ घेतलं. बाबा, या ना, बाबा या ना, म्हणत होती. पण ते वर ऐकू जायचं नव्हतं, कारण उजागरेने बटण सोडलंच नव्हतं. एक जण बटण दाबून धरतो तोवर दुसऱ्याचं त्याला ऐकू येत नाही. टेबलावरच्या सेटमधून आमच्या खोलीत त्याचं रडणं येत होतं, मोठ्याने, लहान पोरासारखं. एकेक थेंब बॅटरी राखणारा माणूस, आणि तिकडं बॅटरी भळाभळा वाहत होती. बन्सी म्हणाला, अशानं संध्याकाळपर्यंत बसेल ती. मी म्हटलं, बसू दे. मी दुसरी घेऊन जातो, आणि पोरीला बरोबर नेतो.